न जन्मलेल्यांची संमती

“संमती सगळ्यांची हवी! जे जन्मले त्यांची हवी आणि जे जन्मायचे आहेत त्यांचीही हवी!”

राजे मानाजीरावांनी ताम्रपट खाली आपटला आणि ठकू दचकून मागे सरली.

प्रकरण होतं फणसांच्या राईचं. ठकूच्या खापरपणजोबांनी राई लावली आणि ताम्रपटावर कोरून ठेवलं, की फणस वंशातल्या मुलग्यांनी पिढ्यानपिढ्या वाटून खावेत. वाटेकरी बदलायचे तर दरबाराची मंजुरी घ्यावी. आता ठकूचा नवरा गोसाव्यांच्या मागे निघून गेला होता. दोन मुली घेऊन ती माहेरी आली होती. भाऊ भिकाजी भला माणूस, पण फणस फोडला की दरबाराचा शिपाई हजर! मुलीच्या हातात गरा दिसला, की तो काढून घ्यायचा आणि मुलाच्या तोंडात कोंबायचा. शेवटी भिकाजीनेच अर्ज केला, की घरातल्या लेकींनाही वाटेकरी करावं.

“महाराज, घरातले सगळे राजी आहेत,” भिकाजी काकुळतीने म्हणाला.

“घरातले असतील! पण तुझे पणतू? खापरपणतू? उद्या जन्माला येऊन ते आम्हाला जाब विचारतील! भालदार, पुकारा करा!”

भालदार बिचारा दारात जाऊन ओरडला, “भिकाजीच्या खापरपणतवंडांनो, हजर व्हाऽऽ!”

बाहेरून एक बोकड आत आला.

कारभारी हुकुमाचे पक्के. टाक घेऊन ते लगबगीने पुढे झाले. “बोला, पिढी कितवी?”

“बेऽऽ!”

“बे म्हणतोय, महाराज! म्हणजे दुसरी!”

“हाकला त्याला!” राजे गरजले. “आणि भिकाजी, परवापर्यंत त्या सगळ्यांची संमती आण! नाहीतर तुझा अर्ज फेटाळला!”

“मी कुठून आणू, महाराज? अजून माझ्या पोराचं लग्नसुद्धा व्हायचंय!”

ठकूने पदर खोचला. घरी जाऊन मुलींना काय सांगायचं, या विचारापुढे तिला राजांची भीतीच उरली नव्हती.

“महाराज, एक विचारू? राज्यात एखादं पोर अनाथ झालं, तर त्याच्या वतीने कोण बोलतं?”

“आम्ही! दुसरं कोण बोलणार?”

“मग ज्याला अजून आई नाही, बाप नाही, इतकंच काय, स्वतःचं अंगही नाही, त्याच्याहून अनाथ कोण? त्याच्या वतीने महाराजांनीच बोलायचं!”

दरबारात कुजबुज झाली. राजांनी मिशी चावली, पण हट्ट सोडला नाही.

“ठीक! मग त्यांच्या वतीने आम्ही ‘नाही’ म्हणतो! वाटेकरी वाढले की गरे कमी. कुठला पालक आपल्या लेकरांचं नुकसान करील?”

“पण महाराज, पुढे सगळे मुलगेच जन्मणार, हे आपल्याला सांगितलं कुणी?”

“म्हणजे?”

“न जन्मलेल्यांत मुलीही आहेतच की! ताम्रपट तसाच ठेवला, तर त्यांना आठळीसुद्धा मिळायची नाही. आणि मुलग्यांचं म्हणाल, तर गरे थोडे कमी होतील, तशी पोटदुखीही कमी होईल! आता पालक म्हणून आपणच सांगा. अर्ध्या लेकरांना अजीर्ण आणि अर्ध्यांना उपास, हेच का आपलं पालकपण?”

राजे असे हसत सुटले, की पगडी घरंगळून मांडीवर आली!

“लिहा, कारभारी! भिकाजीच्या सगळ्या न जन्मलेल्या लेकरांचे पालक म्हणून आम्ही राजीखुशीने संमती देतो! लेकी आणि लेकींच्या लेकीही वाटेकरी! या ठकूला लुगडं-चोळी द्या, दुभती म्हैस द्या आणि दरबारात बसायला चौरंग द्या. आजपासून राज्यातल्या सगळ्या न जन्मलेल्यांची वकिली हिच्याकडे!”

ठकूने वाकून मुजरा केला. “काम मोठं आहे, महाराज. पण एक बरं, हे अशील रोज उठून दारात भांडायला तरी येणार नाहीत!”

राजांची नुकतीच सावरलेली पगडी पुन्हा खाली आली!