नजर चुकवण्याची तालीम

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या एकुलत्या एका पिल्लासह राहत असे. पिल्लू दिवसभर आईच्या पाठीवरच. तिथेच झोपायचे, तिथेच खायचे आणि शिंकायचेही तिच्या मानेवरच. पण आता कड्यावरची मधाची पोळी भरली होती. पाठीवर पोर घेऊन कडा चढायचा, तर पाय घसरण्याची भीती. म्हणून पिल्लाला वडाखाली वानरआजीच्या पाळणाघरात ठेवायचे ठरले.

"माझ्यावाचून राहील का गं तो?" अस्वलिणीने शेजारच्या कोल्हिणीला विचारले.

कोल्हिणीला स्वतःची पोरे आवरत नसत, पण सल्ला देण्यात तिचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते. ती म्हणाली, "सांगून गेलीस तर रडून जंगल डोक्यावर घेईल. खेळात दंग झाला, की नजर चुकवून हळूच सटकायचं. आजपासूनच तालीम सुरू कर."

अस्वलीण तालमीला लागली. पिल्लू मुंग्या बघत बसले, की ही चवड्यांवर चालत झुडपामागे पसार! आधी आधी पिल्लाने भोकाड पसरले. मग रडणे सोडून आई कशी सटकते, ते नीट बघू लागले. "शहाणं झालं हो माझं बाळ!" अस्वलीण भेटेल त्याला सांगत सुटली.

पाळणाघराचा दिवस उजाडला. वानरआजी एका पाडसाचे नाक पुसत होती, पिल्लू पारंबीशी खेळत होते. अस्वलिणीने पाठ फिरवली, डोळे घट्ट मिटून मन घट्ट केले आणि गुपचूप निघाली.

कडा चढताना तिला पाठ जड लागत होती. "बाळ जवळ नाही, तरी पाठीवर असल्यासारखं वाटतंय. आईचं काळीज, दुसरं काय!" म्हणत तिने डोळे पुसले. खांद्यावर ठेवलेले पोळे अर्धे झाले, तेव्हा काळजीच्या भरात आपणच खाल्ले असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. एकदा तर तिचा पाय निसटला. कशीबशी सावरली बिचारी.

संध्याकाळी वडापाशी येते तो वानरआजी रडवेली होऊन उभी. "अस्वलताई, सकाळपासून शोधतेय गं, तुझं बाळ हरवलं!"

अस्वलीण मटकन खाली बसली आणि मागे कलंडली.

"आई, चेंगरलंस ना मला!"

तिच्या दाट केसांतून पिल्लाने डोके वर काढले. मधमाशी चावून त्याचे नाक लिंबाएवढे सुजले होते. "तू डोळे मिटलेस ना, तेव्हा आजीची नजर चुकवून हळूच सटकलो आणि तुझ्या पाठीवर चढलो," ते ऐटीत म्हणाले, "तू शिकवलंस तस्सं!"

अस्वलिणीला कड्यावर निसटलेला पाय आठवला. पिल्लाला पोटाशी धरून ती खूप रडली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला समोर बसवले. "बाळा, मी मध आणायला जाते. वडाची सावली त्या काळ्या दगडावर आली, की तुला न्यायला येते." पिल्लाने असा गळा काढला, की झाडावरची पाखरे उडाली. पण ते सटकले मात्र नाही. हुंदके देत दगडाकडे बघत बसले. आज आईची पाठ खरोखर हलकी होती, आणि तेच तिला सोसवेना. ती वेळेआधीच धावत परतली.

पिल्लू पारंबीला लोंबकळत खिदळत होते. आईला बघून ते ओरडले, "आई, सावली अजून दगडावर आली नाही! जा, थोडा मध आणखी घेऊन ये!"

तात्पर्य : मुलांना सांगून गेले, तर ती थोडा वेळ रडतात, न सांगता गेले, तर तीही न सांगता जायला शिकतात.