अक्रोडाची सावली

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची.

एकदा सगळीकडे बर्फ पसरलं. रानंच्या रानं गारठून मेली. वाचला तो एकच म्हातारा अक्रोड. तो एका खोल घळीत उभा होता. तिथे गरम पाण्याचा झरा होता, म्हणून त्याची मुळं उबदार राहिली.

पुष्कळ काळ गेला. बर्फ हळूहळू मागे सरू लागलं. पण म्हाताऱ्याला ते खरं वाटेना. बाहेरची आपली भावंडं उभ्या उभ्या गोठलेली त्यानं पाहिली होती. फळं पिकली की तो ती बुंध्याशीच पाडायचा. तिथे रोपं उगवायची, दाट सावलीत पिवळी पडायची आणि वाळून जायची. म्हातारा दर वर्षी रडायचा, आणि दर वर्षी तसंच करायचा.

एक दिवस एक डोमकावळा फांदीवर येऊन बसला.

“आजोबा, थोडी फळं न्यायला द्या की.”

“खाशील तू.”

“खाईन ना. खोटं कशाला बोलू? पण सगळी एकदम नाही खात. पलीकडे माती मोकळी झालीय, तिथे पुरून ठेवतो. मग बरीचशी विसरतो. त्यावरून घरी रोज बोलणी खातो.”

“बाहेर थंडी आहे,” म्हातारा म्हणाला. “माझी लेकरं मी बाहेर धाडणार नाही.”

“थंडी होती. आता दिवसभर ऊन असतं तिथे.”

बुंध्याशी एक रोप उभं होतं, दोऱ्यासारखं बारीक. त्यानं विचारलं, “आजोबा, ऊन म्हणजे काय हो?”

म्हाताऱ्यानं वाकून त्याच्या पिवळ्या पानांकडे पाहिलं. मग कावळ्याला म्हणाला, “ने बाबा. हवी तेवढी खा. उरलेली मात्र नीट विसर.”

त्या रोपाच्या माथ्यावर आलेली आपली फांदी त्यानं वाऱ्याला मोडू दिली. रोपावर उन्हाचा कवडसा पडला. ते सरळ उभं राहिलं. पुढे त्याचीही फळं कावळ्यांनी नेली.

झाडं चालत नाहीत, बाळांनो. पण एक झाड जिथे थांबलं, तिथून त्याचं लेकरू पुढे गेलं. त्याचं लेकरू आणखी पुढे.

खूप वर्षांनी त्या कावळ्याचा पणतू घळीत आला. त्यानं चोचीतलं फळ म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं.

“हे कुठलं रे?”

“त्या शेवटच्या डोंगरावरचं. तिथे रानच आहे तुमच्या लोकांचं.”

म्हातारा त्या फळाकडे बघत राहिला. त्याची पानं हलकेच हलली, वारा नसताना.

त्याच हिवाळ्यात कडा कोसळला. झरा बुजला, घळ बुजली. म्हातारा गेला, घळीतलं सगळं गेलं.

डोंगर मात्र हिरवे राहिले.

ज्याला जगवायचं, त्याला एक दिवस आपल्या सावलीबाहेर जाऊ द्यावं.