बूट घालून आत गेलेला सेन्सर

"वीज बंद झालीच पाहिजे, आणि कुणाचीही वीज मध्येच जाता कामा नये," असा हुकूम दौलतराव थोरव्यांनी सोडला आणि संध्याकाळी पाचची मुदत घातली. कारखान्यात सगळे त्यांना सरकार म्हणत. राज्य म्हणाल तर पत्र्याची एक शेड. पण हुकूम सोडायला तेवढी जागा पुरते.

शेडमध्ये दुधाचं फॅट मोजायचं यंत्र तयार होत होतं. त्यात एक स्क्रीन, एक सेन्सर, आणि दोघांना वीज पुरवणारा रेग्युलेटर मात्र एकच. बॅटरी वाचावी म्हणून काम नसलं की रेग्युलेटर आपोआप बंद व्हायचा. पण स्क्रीन विझली की सेन्सरही अर्ध्या मापात मान टाकायचा आणि चांगल्या म्हशीच्या दुधाचं फॅट शून्य लागायचं. रेग्युलेटर कायम चालू ठेवावा, तर बॅटरी दुपारच्या आत संपायची.

गंमत अशी, की हा हुकूम इंजिनिअर शर्वाणी पेंडसेला नव्हता. तिची अक्कल चार दिवसांपूर्वीच संपली होती, आणि तसं तिनं लेखी कळवलं होतं. हुकूम होता हौसाबाई गुरवांना.

हौसाबाई चाचणीखोलीच्या दारात स्टुलावर बसत. आत धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर काढायच्या. दारात एक जरी जोड असला तरी आतले दिवे चालू. शेवटचा जोड गेला की बाईंनी खटका पाडायचा. बारा वर्षं हेच. आज सकाळी त्या पाणी भरून परतल्या, तेवढ्यात शेवटचा जोड निघून गेला. बाईंनी खटका पाडला. आतून आधी गुडघा टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मग सरकारांचा.

"अहो, मी आत होतो!"

"दारात चपला न्हवत्या, सरकार."

"मी बूट घालून गेलो होतो. मालक आहे मी."

"व्हय की. पर खटक्याला ते कसं कळावं?"

सरकार भडकले. "दारात बसायला माणूस लागतंच कशाला? उद्यापासून हे स्टूल नको. आणि एवढंच डोकं चालत असेल तर ते यंत्र सुधारून दाखवा. पाचच्या आत जमलं तर स्टूल राहील."

हौसाबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा कामासाठी आत, शर्वाणीकडे गेल्या.

"ताई, यंत्रातला खटका पाडतंय कोण?"

"कर्नल," शर्वाणी म्हणाली. "म्हणजे यंत्रातला मुख्य प्रोग्राम, आतला कारभारी. स्क्रीनचा एक ड्रायव्हर असतो, सेन्सरचा एक. ड्रायव्हर म्हणजे त्या त्या भागाचं काम बघणारा प्रोग्राम. ज्याला वीज हवी त्या ड्रायव्हरनं कर्नलला सांगायचं, काम झालं की 'निघालो' म्हणायचं. कर्नल मोजत बसतो. शेवटचा निघाला की रेग्युलेटर बंद."

"म्हंजे माझंच काम की. त्याला स्टूल दिलंय का?"

"नाही हो." चार दिवसांत शर्वाणी पहिल्यांदा हसली.

"मग त्याची चूक नसंल. मोजणाऱ्याची चूक कवाच नसती. दोगांनाबी कामाला लावा, आन् दारात जोड किती ते बघा."

शर्वाणीनं स्क्रीन उजळली, सेन्सर दुधात सोडला आणि कर्नलचा आकडा पाहिला. "एक."

"आन् आत?"

"दोन."

हौसाबाईंनी दाराकडे बोट दाखवलं.

"कुणीतरी बूट घालून गेलंय," हौसाबाई म्हणाल्या.

शर्वाणीनं सेन्सरचा ड्रायव्हर उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. त्यानं वीज कुठेच मागितली नव्हती. तो यायचा तेव्हा स्क्रीनसाठी वीज चालूच असायची. ती आपल्याचसाठी आहे असं समजून बापडा सरळ कामाला लागायचा. कर्नलच्या हिशेबी तो आत नव्हताच.

"दिवे चालू दिसले, म्हणून विचारलंच नाही त्यानं," ती कपाळाला हात लावून म्हणाली.

"म्हंजे मालकच म्हणायचा."

काम दोन ओळींचं निघालं: आत जाताना मागायचं, निघताना सांगायचं.

पाच वाजता सरकार लंगडत आले आणि दारातूनच बघू लागले. त्यांच्यासमोर स्क्रीन विझली. सेन्सर मात्र शांतपणे मोजत राहिला. माप पुरं झालं, आणि मगच रेग्युलेटर बंद झाला. बटण दाबताच स्क्रीनवर आकडा आला: सात पूर्णांक दोन.

"कुठला नवा भाग बसवला?" सरकारांनी संशयानं विचारलं.

"कुठलाच न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "सेन्सर बूट घालून आत जात होता. त्याला दारात काढायला लावले."

सरकारांची नजर आपसूक आपल्या पायांकडे गेली. "आणि दारात बसणारं माणूस?"

"ते यंत्रातबी हाय, सरकार. आधी त्याला काढा. यंत्र चाललं, तर माझं स्टूल मीच उचलती."

सरकार असे हसले की दुखरा गुडघा धरून त्यांना खाली बसावं लागलं, आणि जवळ बसायला तेवढं ते स्टूलच होतं.

"हे फारच डगमगतं हो," ते म्हणाले. त्यांनी आपल्या केबिनमधली हातांची, गादीची खुर्ची मागवली आणि स्वतः दारात मांडून दिली. मग वाकून बूट काढले, उंबऱ्याशी नीट जोडीनं ठेवले आणि यंत्र पुन्हा बघायला आत गेले.

उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. नव्या खुर्चीत टेकलेल्या हौसाबाईंनी तो पाहिला. पण मोजला फक्त जोड.