दोन मशिनं, एक हाक

“…आणि वजनात दीड किलोचा फरक. आता तुम्हीच सांगा बाबा, यातलं कुठलं घेऊ?”

नूरशा फकिरानं मान वर केली नाही. मांडीवर सूप, सुपात ज्वारी. तो बोटानं दाणे सारत खडे वेचत होता. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, पण नजरेतून खडा सुटत नव्हता.

समोर भागवत रासकर उभा होता. सासवडच्या अंगाला बागा लावण्यात नि राखण्यात त्याच्यासारखा ठेकेदार दुसरा नाही, असं लोक म्हणत. कुणी म्हणायचं विसरलं तर भागवत स्वतः आठवण करून देई. बंगल्यांच्या वसाहती, दोन कॉलेजं, एक क्रीडांगण, सगळीकडचा पाचोळा त्याचीच माणसं उडवायची.

चिंचेखाली त्यानं दोन मशिनं मांडून ठेवली होती. दप्तरासारखी पाठीवर घ्यायची, पेट्रोलवर चालणारी, लांब नळीतून वारा फेकून पाचोळा पुढं लोटणारी. दुकानदारानं दोन्ही दोन दिवस वापरून बघायला दिली होती.

फकिराला यातलं काय डोंबल कळणार, असं कुणीही म्हणेल. भागवतही मनात तेच म्हणत होता. पण सकाळी गाडी काढली आणि ती आपसूक ओढ्यापलीकडं, फकिराच्या तकियाच्या वाटेला लागली. आता आलाच होता, तर विचारायला काय जातंय?

म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हिरवं आहे ते टू-स्ट्रोक. पेट्रोलातच ऑइल मिसळायचं. अंगानं हलकं, जोर मात्र जबर, ओला पाचोळासुद्धा उचलून फेकतं, पण किंचाळतं. करडं आहे ते फोर-स्ट्रोक. जड आहे, तासाभरात खांदे भरून येतात. पण हाताला थरथर कमी आणि आवाज खालच्या पट्टीतला. दोन स्थळांची माहिती मांडावी तशी त्यानं ती मांडली.

फकिरानं एक खडा उचलून बाजूला टाकला.

“जुनं बिघडलं?”

“नाही. धड आहे.”

“मग?”

“आवाज फार आहे त्याचा.”

“इतकी वर्षं नव्हता?”

भागवत खाली वाकून करड्या मशीनचा पट्टा सारखा करू लागला…

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. भागवतचे वडील सखाहरी रासकर, सगळे त्यांना अण्णा म्हणत, जन्मभर खराट्यावर जगलेले माळी. मशीन त्यांना कधी पटलं नाही. तरी घरी बसवत नाही म्हणून लेकाबरोबर कामावर यायचे नि सावली धरून बसायचे. त्या दिवशी एका बंगल्याच्या बागेत भागवत पाठीवर मशीन आणि कानांवर जाड झाकणं लावून पाचोळा लोटत होता. अण्णा चाळीस पावलांवर, शिरीषाखाली. छातीत कळ आली तशी त्यांनी हाका मारल्या. शेजारच्या बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंना त्या भिंतीपलीकडं ऐकू आल्या. चाळीस पावलांवरच्या लेकाला नाही आल्या.

या धंद्यात एक शिस्त आहे. मशीन पाठीवर असलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही. तो दचकतो, नळी कुठंही फिरते, एखाद्याच्या डोळ्यात खडी जाते. वळसा घालून त्याच्या समोर जायचं आणि हात वर करायचा. भागवतनंच ती सगळ्यांना लावलेली, अण्णांनाही.

अण्णांनी शिस्त पाळली. छाती धरून उठले, मेंदीच्या कुंपणाआडून वळसा घालून लेकाच्या पुढं जायला निघाले… आणि कोपऱ्यावर पडले.

भागवत पाचोळा लोटत त्याच कोपऱ्याकडं येत होता. त्याला ते दिसले तेव्हा त्यानंच लोटलेला पाचोळा त्यांच्या कमरेपर्यंत चढला होता.

त्यानंतर वर्षभर त्यानं पाठीवर मशीन घेतलं नाही. माणसांकडून कामं करवून घेतली. घरात रेडिओ बंद, टीव्ही बंद. बायकोनं मिक्सर लावला की हा उठून अंगणात जाई. बिचारीनं वर्षभर चटणी पाट्यावर वाटली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आता परवापासून मोठं काम सुरू व्हायचं होतं, माणसं अपुरी होती. मशीन पाठीवर चढवायचं, नाहीतर धंदा मोडून घरी बसायचं, इतकी वेळ आली होती.

“कमी आवाजाचं पाहिजे, बाबा,” तो म्हणाला. “हाक आली तर ऐकू आली पाहिजे. माझं दुसरं काही मागणं नाही.”

फकिरानं पहिल्यांदाच वर पाहिलं.

“चालवून दाखव.”

“इथं?”

इथं म्हणजे तकियात. सागाची नि चिंचेची झाडं आणि त्यांच्याखाली अकरा कबरी. बऱ्याचशा कुणाच्या ते नूरशाच्या गुरूलाही ठाऊक नव्हतं. तीस वर्षं दर गुरुवारी अण्णा इथं येऊन खराटा मारून जात. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा नवसही नव्हता. अण्णा गेले आणि झाडणारं कुणी राहिलं नाही. वर्षाचा पाचोळा साचून कबरी बुडाल्या होत्या, फक्त उशाचे दगड वर दिसत होते.

दुपारचे बारा वाजून गेलेले. वारा पडला होता. इतका मोठा सागाचा पाचोळा, पण त्यातलं एक पान वाजत नव्हतं.

“झोपलेत सगळे,” भागवत हळू आवाजात म्हणाला. “बरं दिसेल का?”

“तुझ्या फुंकणीनं उठले तर बरंच होईल. त्यातल्या दोघातिघांशी बोलायचं राहिलंय माझं.”

फकीर हसला नाही, त्यामुळं भागवतलाही हसता आलं नाही.

त्यानं हिरवं मशीन घेतलं. दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा इंजिन पेटलं. वर्षानं खांद्यांवर पट्टे चढले. कानांवर झाकणं बसवून तो पहिल्या कबरीपाशी गेला.

पाचोळा उठला. सागाची पानं उलटीपालटी होत पुढं पळाली, खालची चिंचेची बारीक पानं धुरळ्यासारखी उडाली, दगड उघडा पडला. दुसरी कबर, तिसरी. पाचव्या कबरीपर्यंत हातांना जुनी सवय आठवली. जोर बघावा म्हणून त्यानं खटका पूर्ण दाबला.

“भागाऽ…”

मागून. लांबून. त्या किंकाळीच्या आतून, स्वच्छ.

त्यानं गर्रकन वळून पाहिलं. फकीर चिंचेखाली ज्वारी निवडत होता. वाटेवर कुणी नव्हतं. भागवतनं घाईनं मशीन बंद केलं, कानांवरची झाकणं ओढून काढली आणि श्वास धरून उभा राहिला.

काही नाही. पाचोळा जिथं होता तिथं थांबला होता.

आपल्याच कानाचे खेळ, त्यानं मनाची समजूत घातली. वर्षाची सवय मोडलेली, त्यात किंचाळणारं इंजिन. माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. मनाशी असं म्हणत तो फकिरासमोरून गेला, हिरवं खाली ठेवलं, करडं उचललं. यात फसवणूक व्हायची नाही, कारण याचा आवाज कमी. तरी खांद्यावर घेताना त्याच्या मनात भीतीपेक्षा आशाच जास्त होती. कबूल करायची त्याची तयारी नव्हती, पण होती खरी.

करडं मशीन घुमू लागलं. सहावी कबर उघडी झाली. सातवी. आठवी. आता तो मुद्दाम सावकाश चालत होता, मान किंचित मागं कलती ठेवून. दहावी झाली. अकराव्या कबरीवर त्यानं नळी धरली.

“भागाऽ…”

या वेळी हाताच्या अंतरावरून. तीच हेल काढायची लकब, शेवटी दमानं तुटणारी. अण्णा. दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं.

त्यानं मशीन बंद केलं. झाकणं भिरकावून दिली. वळला.

साफ झालेल्या मातीवर त्याच्या एकट्याच्या बुटांचे ठसे होते. झाडाझाडांमधून दुपार नुसती उभी होती. तो कितीतरी वेळ ऐकत राहिला, कानशिलं ठणकेपर्यंत. साधी चिमणीसुद्धा बोलली नाही.

मशीन पाठीवरून कसंबसं उतरवत तो फकिरापाशी आला आणि त्याच्यासमोर मातीतच बसला. सासवडचा नावाजलेला ठेकेदार, पांढऱ्या विजारीची पर्वा न करता.

“तुम्ही हाक मारलीत मला?”

“मी? नाही.”

“मग कुणी मारली?”

फकीर खडे वेचत राहिला…

“अण्णा होते,” भागवत म्हणाला. “मशीन चालू असतं तेव्हा येते, बाबा. बंद केलं की नाही. वर्षभर घरात कान लावून बसलो, पोराबाळांना हसू दिलं नाही… आणि आली ती या मशीनच्या कालव्यात.”

“हिरव्यात नीट आली, का करड्यात?”

“दोन्हींत.”

“मग फरक कसला सांगत होतास मघापासून?”

भागवतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. बाप गेल्यावर तेरा दिवसांत तो रडला नव्हता. लोकांनी त्याचं कौतुक केलं होतं.

फकिरानं सूप बाजूला ठेवलं.

“ऐकलंस ना नीट?”

“ऐकलं.”

“मग ओ का नाही दिलीस?”

भागवत चपापला. खालमानेनं, शाळेतल्या पोरासारखा, तो पुटपुटत सांगू लागला. त्याच्या आईनं लहानपणी बजावलेलं. टळटळीत दुपारी नाहीतर तिन्हीसांजेला हाक आली आणि माणूस दिसलं नाही, तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. जे आपलं नसतं ते दोनदा बोलावतं, तिसऱ्यांदा बोलवायची त्याला ताकद नसते. तोंडापर्यंत आली होती ओ, पण जीभ रेटली नाही. म्हणून मशीन बंद केलं, नीट खात्री करावी म्हणून…

“किती झाल्या?”

“दोन.”

फकीर गुडघ्यावर हात टेकून उठला. हिरवं कुठलं, करडं कुठलं, हे त्यानं पाहिलंही नाही. जवळ होतं त्या मशीनचा पट्टा उचलून त्यानं भागवतच्या हातात दिला.

अकरा कबरी उन्हात उघड्या पडल्या होत्या. पलीकडं काठाला लोटलेला पाचोळा निपचित होता…

“मग तिसरीला तरी ओ देशील ना?”