शेजाऱ्याच्या भिंतीतली पाचर

एकदा एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्याला घेऊन एका जुन्या पेठेत कामासाठी आला. पेठ म्हणजे एकाच लांब छपराखाली ओळीने बांधलेली दुकानं. दोन दुकानांत मिळून एकच भिंत. प्रत्येक दुकानाची तुळई त्या भिंतीतून आरपार जाऊन हातभर शेजारच्या दुकानात निघायची, आणि त्या टोकात लाकडाची पाचर ठोकलेली असायची. दसऱ्याला दुकानदार शेजाऱ्याच्या त्या पाचरीला कुंकू लावून हातोडीचा एक ठोका देत आणि मगच सोनं वाटायला निघत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. वडील करायचे, म्हणून मुलगा करी.

तिथल्या कापडाच्या व्यापाऱ्याला नवं कपाट बसवायचं होतं. ते काही केल्या भिंतीला टेकेना. शेजारच्या तुळईचं टोक आडवं येत होतं.

"काप रे हे," शेठ शिष्याला म्हणाला. "तुळई तिकडची आणि नाक माझ्या दुकानात! मी काय विकतो ते हुंगायला ठेवलंय की काय?"

शिष्य हसला. गुरुजींनी त्याला फक्त मापं घ्यायला सांगितलं होतं. पण एवढ्याशा कामासाठी त्यांना कशाला विचारायचं? भिंत जाडजूड होती, तुळई तिच्यात रुतलेली होती, बाहेरचं टोक त्याला नुसतं शोभेचं वाटलं. त्याने करवत लावली.

भिंतीपलीकडे कासारणीचं दुकान होतं. त्याच तुळईला तिने झोळी बांधली होती आणि झोळीत तिचं तान्हं निजलं होतं.

"मिस्त्री, जरा हळू हो!" ती पलीकडून म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"झालंच, वहिनी," शिष्य म्हणाला आणि त्याने हात आणखी जोरात चालवला.

तेवढ्यात गुरुजी दारात आले. त्यांनी करवतीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता माघारी फिरून ते धावत सुटले. ज्या माणसाला शिष्याने कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, तो धोतर सावरत धावत होता! शिष्य मागोमाग गेला. पाहतो तर गुरुजींनी झोळीतून लेकरू उचललं होतं आणि दुसऱ्या हाताने कासारणीला रस्त्यावर ढकललं होतं.

"अगं बाई! माझं बाळ!" ती किंचाळली. बांगड्यांची चळत पायाखाली फुटली. माणसं जमली. कुणीतरी म्हाताऱ्याची गचांडी धरली. "दिवसाढवळ्या पोर पळवतोस?"

"गुरुजी, हे काय करताय!" शिष्याच्या तोंडून निघालं.

आतून लाकूड फाटल्याचा आवाज आला. भिंत फुगली, तुळई सरकून एका अंगाने खाली आली, आणि माती, विटा, कौलं धडाधड त्या रिकाम्या झोळीवर कोसळली.

गचांडी धरणारा हात आपोआप सुटला. लेकरू तेवढं रडत होतं.

शिष्य म्हणाला, "मला थांब का नाही म्हणालात?"

"तू थांबला असतास. कापलेलं लाकूड थांबलं नसतं. येताना मी ही झोळी पाहिली होती. आधी लेकरू." गुरुजींनी बाळ आईच्या हातात दिलं. "ही भिंत केव्हाची शेठच्या बाजूला कलली होती. पाचरीने तिला आवळून धरलं होतं. ज्याने ही पेठ बांधली, त्याने कुणाच्याही छपराची पाचर त्याच्या स्वतःच्या ताब्यात दिली नाही. शेजाऱ्याच्या घरात ठेवली. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचं छप्पर सांभाळावं." मग ते गर्दीत येऊन उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याकडे वळले. "शेठ, तुमच्या तुळईचं टोक पुढच्या दुकानात आहे. तिथे कुणी कपाट बसवतंय का, बघून या."

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. तो अनवाणीच पुढच्या दुकानाकडे पळाला.

शिष्य कासारणीसमोर गेला. क्षमा मागायला त्याने हात जोडले. ती बाळाला छातीशी घट्ट धरून उभी होती.

"मी तुम्हाला हळू म्हटलं होतं," ती म्हणाली. एवढंच.

शिष्याने मान खाली घातली आणि तो ढिगातल्या विटा एकेक करून उचलायला लागला.

आपल्याला अडचण वाटणारी गोष्ट तोडण्याआधी, तिच्या दुसऱ्या टोकाला कोण निजलं आहे हे जाऊन पाहावं.