तांडेलांच्या घरचे दोन बिल्ले

उरणच्या शरयूबाई तांडेलांच्या पुढ्यात रशियन आरमाराचे दोन जुने बिल्ले होते आणि त्या पार चक्रावून गेल्या होत्या. एक त्यांच्या दिवंगत यजमानांना रशियात पाणबुडीचं शिक्षण घेताना तिथल्या सोबत्यानं दिलेला, दुसरा बाजारातली नक्कल. दोन्ही एकाच डब्यात राहिले आणि आता त्यांतला खरा कोणता, ते काही केल्या कळेना.

शेवटी त्यांनी घारपुऱ्यांना बोलावलं. बिल्ल्यांची पारख आपल्याइतकी कुणालाच नाही, असं हे गृहस्थ स्वतःच सांगत फिरायचे. त्यांनी ऐटीत भिंग लावलं.

"हा पिनेचा, तो खरा. मागे स्क्रू आहे, तो खोटा. आरमारवाले चांगल्या गणवेशाला भोक पाडतील होय? हा खोटा मी जाता जाता फेकून देतो."

शरयूबाई आणखीच गोंधळल्या. कारण 'खरा' बिल्ला चहाच्या बशीत पडला होता आणि 'खोटा' घारपुरे रेशमी रुमालात हळुवार गुंडाळत होते.

त्यांनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा रुमालाकडे. मग म्हणाल्या, "एवढे कष्ट घेतलेत, तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवू? खरा तुम्हीच घेऊन जा. खोटा राहू दे मला."

घारपुऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अहो, पण खोटा ठेवून करणार काय?"

"मला मेलीला बिल्ल्यांतलं काय कळतंय!" शरयूबाईंनी रुमाल सोडून स्क्रूचा बिल्ला काढून घेतला आणि बशी पुढे सरकवली. "हा घ्या तुमचा खरा. आता गुंडाळा की रुमालात!"