हा घास गुडघ्याचा

तनूच्या अंगात एक थेंब राहायचा. रक्ताचा थेंब. लाल लाल, इवलासा. नाव त्याचं थेंबू. दिवसभर फिरायचा, डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

एकदा काय झालं? तनू अंगणात पळाली आणि पडली. धप्प. गुडघ्याची कातडी गेली. किती गेली? चिंचोक्याएवढी. पण तनूला मांडी घालता येईना. जेवायला बसली, तर एक पाय लांब. तिला फार वाईट वाटलं.

गुडघ्यावर खपलीबाई येऊन बसल्या.

थेंबू म्हणाला, "खपलीबाई, खपलीबाई, नवी कातडी विणा ना."

"मी आपली झाकण. खाली विणायचं तू. जा, आतडेमामांकडून सामान आण."

थेंबू निघाला, डुबुक डुबुक. आतडेमामा लांबच लांब, वेटोळं घालून बसलेले.

"आतडेमामा, आतडेमामा, सामान द्या ना. गुडघ्याची कातडी होईना, तनूची मांडी बसेना."

"माझ्याकडे नुसता तूपभात. त्याने पळता येतं. कातडीला वरण लागतं, पालक लागतो, लिंबू लागतं. पोटोबा घुसळून देतील, तर मी देईन."

खरंच होतं ते. तनू काल तूपभात जेवली. आज तूपभात जेवली. पालक ताटात तसाच.

थेंबू निघाला, डुबुक डुबुक.

"पोटोबा, पोटोबा, घुसळा ना. आतडेमामा देईनात, गुडघ्याची कातडी होईना, तनूची मांडी बसेना."

"घुसळीन की. पण काय घुसळू? दात चावून देतील, तर मी घुसळीन."

थेंबू निघाला, डुबुक डुबुक.

"दातांनो, दातांनो, चावा ना. पोटोबा घुसळेनात, आतडेमामा देईनात, गुडघ्याची कातडी होईना, तनूची मांडी बसेना."

"आम्ही रिकामेच बसलोय. ओठ उघडतील, तर आम्ही चावू."

थेंबू निघाला, डुबुक डुबुक.

"ओठांनो, ओठांनो, उघडा ना. दात चावेनात, पोटोबा घुसळेनात, आतडेमामा देईनात, गुडघ्याची कातडी होईना, तनूची मांडी बसेना."

"हिरवं दिसलं की आम्ही मिटतो. तनूचा हात घास आणील, तर आम्ही उघडू."

थेंबू निघाला, डुबुक डुबुक.

"हातदादा, हातदादा, घास आणा ना. ओठ उघडेनात, दात चावेनात, पोटोबा घुसळेनात, आतडेमामा देईनात, गुडघ्याची कातडी होईना, तनूची मांडी बसेना."

"मी कशाला? बाबा भरवतात की. तनू सांगेल, तर मी आणीन."

आता तनूला कोण सांगणार? थेंबू धावत गुडघ्यात परत आला. आतून दार वाजवू लागला. ठण ठण, ठण ठण.

तनू तेव्हा जेवायला बसली होती. एक पाय लांब. बाबा भरवत होते, "हा घास चिमणीचा. हा घास खारीचा."

गुडघा म्हणाला, ठण ठण.

तनूने गुडघ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. "बाबा, गुडघ्याचा घास कुठाय?"

बाबांनी बोटांवर घास मोजले. चिमणीचा झाला होता, खारीचा झाला होता. गुडघ्याचा घास कुणी केलाच नव्हता.

"मी करते," तनू म्हणाली. तिने भात घेतला, वरण घेतलं. पालक घेतला, वर लिंबू पिळलं. "हा घास गुडघ्याचा."

मग काय! हाताने घास आणला. ओठ उघडले, आऽऽ. दातांनी चावलं, मचमच मचमच. पोटोबांनी घुसळलं, घुर्र घुर्र. आतडेमामांनी सामान दिलं, झिरप झिरप. थेंबूने ते पाठीवर घेतलं, डुबुक डुबुक, आणि कातडी विणली. वरणाचा धागा, लिंबाची गाठ. पालक मात्र त्याने स्वतःच खाल्ला आणि आणखी लाल झाला.

एका घासात झालं का? छे. उद्या घास, परवा घास, रोज गुडघ्याचा एक घास.

मग एके दिवशी खपलीबाई म्हणाल्या, "माझं काम झालं." आणि टपकन पडल्या. खाली गुलाबी गुलाबी नवी कातडी.

तनूने मांडी घातली. ऐटीत, दोन्ही पाय दुमडून. "बाबा, ही कातडी मी केली. जेवून केली."

"खरंच गं, तूच केलीस," बाबा म्हणाले. आत थेंबू छाती काढून फिरत होता. विणली तर त्यानेच होती.

बाबांनी घास उचलला. "हा घास चिमणीचा."

"चिमणीला तिची आई भरवेल," तनू म्हणाली. "हा माझा." आणि स्वतःच्या हाताने खाल्ला.

गोष्ट आमची पोटात गेली. तुझ्या ताटात उरलाय, तो घास कुणाचा?